फवारणीचं औषध अंगात उतरतंय का, हे गावात कसं तपासायचं : नव्याने काम सुरू करणाऱ्यांसाठी

दरवर्षी पोळा झाला की मला फोन सुरू होतात, कधी आशाताईचा, कधी शेतकरी गटातल्या एखाद्या पोराचा, की गावात दोघातिघांना फवारणी केल्यावर गरगरतंय, सगळ्या फवारणीवाल्यांचं रक्त तपासून घ्यायचंय, कुठं पाठवू. ज्याला त्रास होतोय त्याला आधी दवाखान्यात न्या, त्यात दुसरा विचारच नाही. पण बाकीच्यांचं रक्त तपासायचं म्हणतात तेव्हा मी पहिला प्रश्न हाच विचारतो, की या लोकांचं मे महिन्यातलं रक्त तपासलेलं आहे का? नसतं. आणि मग सप्टेंबरात जो आकडा येतो त्याचं नेमकं काय करायचं हे ना त्यांना कळतं ना मला सांगता येतं.

म्हणून हे सगळं एकदा सविस्तर लिहून काढतोय. आपल्याकडे २०१७ चा पावसाळा संपताना यवतमाळ जिल्ह्यात काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे, एकट्या त्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसच्या वर शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो लोक दवाखान्यात भरती झाले, काहींच्या डोळ्यांवर परिणाम झाला. पऱ्हाटी, म्हणजे कापसाची झाडं, त्या वर्षी माणसाच्या डोक्याएवढी वाढलेली, म्हणजे फवारा खाली नाही तर तोंडासमोर आणि वर मारावा लागत होता, त्यात उकाडा, त्यात दोन-तीन औषधं एकत्र मिसळून मारणं. हे जे लोक गेले ते एका दिवसात आजारी पडले असं आपल्याला वाटतं, पण बऱ्याच जणांच्या अंगात आठवडे आधीपासून थोडं थोडं उतरत असतं आणि शेवटचे दोन पंप फक्त निमित्त होतात. ते आधीचं थोडं थोडं दिसू शकतं. ते बघायची पद्धत अवघड नाही, फक्त वेळेवर सुरू करावी लागते.

आधी समजून घ्या, नेमकं मोजतो काय

आपण रक्तात औषध मोजत नाही. औषधाने शरीरातल्या एका एन्झाइमचं किती नुकसान केलं ते मोजतो. त्या एन्झाइमचं नाव कोलिनेस्टरेज. नसेकडून स्नायूला किंवा ग्रंथीला निरोप जातो तो ॲसिटिलकोलीन नावाच्या रसायनातून, आणि निरोप पोचला की ते रसायन पुसून टाकायचं काम कोलिनेस्टरेजचं. ऑर्गनोफॉस्फेट आणि कार्बामेट गटातली कीटकनाशकं या एन्झाइमलाच जाऊन चिकटतात. पुसणारा बसला गप्प, निरोप मात्र चालूच. मग तोंडाला लाळ सुटते, डोळ्यातून पाणी, दरदरून घाम, पोटात कळा, उलटी-जुलाब, डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी बारीक होते, स्नायू आपोआप फडफडतात, छातीत कफ भरतो आणि शेवटी श्वास अडतो. किडा मरतो तो असाच आणि माणूसही असाच.

ही लक्षणं दिसायला लागायच्या आधी रक्तातलं एन्झाइम उतरायला लागलेलं असतं, तेच आपल्याला पकडायचंय.

रक्तात हे दोन जागी मिळतं. एक लाल पेशींवरचं, त्याला आरबीसी कोलिनेस्टरेज म्हणतात, ते नसांमधल्या एन्झाइमसारखंच असतं म्हणून खरी परिस्थिती तेच जास्त चांगली सांगतं, पण एकदा दबलं की सावकाश भरून येतं, कारण नव्या लाल पेशी तयार व्हाव्या लागतात, रोजचं साधारण एक टक्का धरा. दुसरं प्लाझ्मातलं, ते लिव्हर बनवतं, ते लवकर पडतं आणि लवकर म्हणजे काही आठवड्यांत भरतंही. पण लिव्हरचा आजार, कुपोषण, गरोदरपण याने ते तसंही कमी असतं, आणि काही लोकांच्यात जन्मतःच कमी असतं. तालुक्याच्या लॅबमध्ये तुम्ही जाऊन नुसतं कोलिनेस्टरेज म्हटलं की ते सीरम कोलिनेस्टरेज करून देतात, ते हे दुसरं. तेही चालेल, पण तुम्ही कुठलं मोजताय हे तुम्हाला माहीत पाहिजे आणि वर्षभर तेच मोजत राहिलं पाहिजे. शक्य असेल तर दोन्ही करा.

पायरी १ : गावात कुठली औषधं मारली जातात त्याची यादी

ही पायरी लोक टाळतात आणि तिथंच गाडी चुकते. कोलिनेस्टरेजची टेस्ट फक्त ऑर्गनोफॉस्फेट आणि कार्बामेटला लागू आहे. प्रोफेनोफॉस, क्लोरपायरीफॉस, ॲसिफेट, मोनोक्रोटोफॉस, डायमेथोएट, ट्रायझोफॉस ही पहिल्या गटातली, मेथोमिल, थायोडिकार्ब, कार्बारील ही दुसऱ्या गटातली. पण सायपरमेथ्रीन, लॅम्डा सायहॅलोथ्रीन, इमिडाक्लोप्रिड, फिप्रोनील, डायफेन्थियुरॉन, तणनाशकातलं पॅराक्वाट, ग्लायफोसेट यातलं एकही या टेस्टमध्ये दिसत नाही. माणूस डायफेन्थियुरॉनने आजारी पडलेला असेल तरी रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो. हे मी दर वर्षी दहा वेळा सांगतो, कारण रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून पोराला दुसऱ्या दिवशी पुन्हा फवारणीला पाठवलेलं मी बघितलंय.

यादी कशी करायची, तर कृषी केंद्रात जाऊन विचारू नका, नुसतं विचारलं तर दुकानदार ब्रँडची नावं सांगतो. बांधावर, विहिरीजवळ, झोपडीच्या आढ्याला जे रिकामे डबे, पुड्या पडलेल्या असतात त्यांचे मोबाइलवर फोटो काढा, पण डबा उचलायचा तर हातात ग्लोव्हज घालूनच. मोठ्या अक्षरातलं ब्रँडचं नाव सोडा, त्याच्या खाली बारीक अक्षरात तांत्रिक नाव आणि टक्के असतात, उदाहरणार्थ प्रोफेनोफॉस ४० टक्के अधिक सायपरमेथ्रीन ४ टक्के ईसी. ते लिहून घ्या. एकाच डब्यात दोन गटांचं औषध असतं ते असं. डब्यावरचा त्रिकोण पण बघा, लाल म्हणजे सगळ्यात जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. पण त्रिकोणाच्या रंगावरून औषध कुठल्या गटातलं आहे हे कळत नाही, त्यासाठी तांत्रिक नावच लागतं.

एक गोष्ट भाषेची. आपण सगळेच याला औषध म्हणतो, मीही म्हणतो, गावात दुसरा शब्द चालतच नाही. पण बैठकीत बोलताना मी मुद्दाम एकदोनदा विष म्हणतो. माणसं जरा सावरून बसतात.

पायरी २ : माणसं निवडा, आणि कुणाला काय सांगायचं ते आधीच ठरवा

पहिल्या वर्षी वीस-पंचवीस माणसं पुरे. ज्यांची स्वतःची शेती आहे त्यांच्यापेक्षा जे फवारणीचा गुत्ता घेतात ते मजूर आणि सालदार आधी घ्या, कारण शेतकरी स्वतःच्या चार एकरावर मारतो, गुत्तेवाला महिनाभर रोज दुसऱ्याच्या वावरात मारतो आणि त्याला पंपावर पैसे मिळतात, म्हणजे जितके पंप जास्त तितकी मजुरी. पंप भरून देणाऱ्या, पाणी आणणाऱ्या बायकासुद्धा घ्या, त्यांचा हात बादलीत असतो. सोबत चार-पाच जण असे घ्या जे अजिबात फवारणी करत नाहीत, म्हणजे लॅबचे आकडेच इकडेतिकडे सरकतायत का ते कळेल.

प्रत्येकाला सरळ सांगा, की रक्त कशासाठी घेतोय, किती वेळा घेणार, नाही म्हटलं तरी चालेल, आणि मधेच सोडलं तरी चालेल. सही किंवा अंगठा घ्या. आणि सगळ्यात महत्त्वाचं, रिपोर्ट त्या माणसाच्या हातात द्यायचा, मालकाच्या नाही. हे मी कळकळीने सांगतोय. एका गावात रिपोर्ट मालकाच्या हाती गेला आणि मालकाने त्या माणसाला कामावरूनच काढलं, पुढच्या वर्षी त्या गावातून एकही मजूर बोट पुढे करायला तयार झाला नाही.

मालकांशी वेगळी बैठक घ्या, तीही हंगामाच्या आधी. आकडा पडला तर त्या माणसाला पंपावरून काढून डवरणी, बैलांचं काम, दुसरं काहीही द्यायचं पण मजुरी तीच ठेवायची, हे त्यांच्याकडून कबूल करून घ्या. हे ठरत नसेल तर रक्त काढू नका, खरंच सांगतो. ज्याच्या हातात तुम्ही वाईट रिपोर्ट देणार आणि दुसरं काम देणार नाही, त्याला तुम्ही फक्त काळजी दिली.

रक्त काढायचं काम तुमचं-आमचं नाही. एएनएम सिस्टर, लॅब टेक्निशियन किंवा डॉक्टर यांनीच काढायचं, सुया नव्या, वापरलेल्या सुया आरोग्य केंद्राच्याच डब्यात. पीएचसीच्या मेडिकल ऑफिसरला पहिल्या दिवसापासून सोबत घ्या, नाहीतर रिपोर्ट आल्यावर बघणारं कुणी नसतं. आणि याचा पुढे अभ्यास म्हणून पेपर वगैरे लिहायचा असेल तर मेडिकल कॉलेजच्या एथिक्स कमिटीची परवानगी आधी, नंतर नाही.

पायरी ३ : बेसलाइन, सगळा खेळ इथं आहे

बेसलाइन म्हणजे माणूस फवारणीपासून दूर असताना त्याचा स्वतःचा आकडा किती ते. निदान ३० दिवस ऑर्गनोफॉस्फेट किंवा कार्बामेटला हात लागलेला नसावा. आपल्याकडे कापूस-सोयाबीनच्या पट्ट्यात मे महिना यासाठी बरा, मृग लागायच्या आत उरकून घ्या. भाजीपालावाले असतील तर जरा बघून, ते उन्हाळ्यातही मारत असतात. घरात ढेकणाचं, गोचिडाचं औषध मारलं का तेही विचारा.

एकदा घेऊन थांबू नका, दोनदा घ्या, दोन्हींच्या मधे किमान तीन दिवस आणि जास्तीत जास्त दोन आठवडे. दोन्हींची सरासरी ही त्या माणसाची बेसलाइन. दोन आकड्यांत वीस टक्क्यांच्या आसपास फरक निघाला तर तिसरं सॅम्पल घ्या.

लोक विचारतात, रिपोर्टवर नॉर्मल रेंज छापलेली असते ना, मग बेसलाइन कशाला. हे बघा. समजा दोन माणसांचं सप्टेंबरातलं आरबीसी कोलिनेस्टरेज २४ आलं, दोघांचं सारखंच, दोघेही छापील रेंजमध्ये. आता एकाचं मे महिन्यातलं होतं २६. चोवीस भागिले सव्वीस म्हणजे ९२ टक्के, तो ठीक आहे. दुसऱ्याचं मे महिन्यातलं होतं ३५. चोवीस भागिले पस्तीस, जेमतेम ६९ टक्के. या दुसऱ्या माणसाचं जवळपास एक तृतीयांश एन्झाइम दबलंय, याला उद्या पंप द्यायचा नाही. रिपोर्टवर दोघांच्या नावापुढे मात्र नॉर्मलच लिहिलेलं. माणसामाणसात हा आकडा इतका वेगळा असतो की छापील रेंज खूप रुंद ठेवावी लागते, आणि त्या रेंजमध्ये राहूनच माणूस निम्मं एन्झाइम घालवून बसू शकतो.

पायरी ४ : सॅम्पल, इथं घाई नको

हात. बोटातून थेंब घेणारी फील्ड किट वापरत असाल तर हात साबणाने दोनदा धुवा, नखं आणि बोटाच्या भेगा घासून, मग स्पिरिट लावा, पूर्ण वाळू द्या, सुई टोचा, पहिला थेंब पुसून टाका आणि दुसरा घ्या. फवारणीवाल्याच्या अंगठ्याला भेगा असतात आणि त्या भेगांत कालचं औषध बसलेलं असतं, ते थेंबात मिसळलं तर मशीनला वाटतं रक्तच दबलंय. माणूस शेतातून थेट आला असेल तर त्याला अंघोळ करून, कपडे बदलूनच बसवा, त्याच्यासाठीही ते चांगलं.

नळी कुठली ते लॅबला आधी विचारा. आरबीसीसाठी साधारण जांभळ्या टोपणाची ईडीटीए किंवा हेपारीनची चालते. करड्या टोपणाची, जी आपण शुगरसाठी वापरतो, ती चालत नाही, तिच्यात फ्लोराइड असतं आणि फ्लोराइड स्वतःच कोलिनेस्टरेजला अडवतं. आमच्या सुरुवातीच्या एका शिबिरात शुगर आणि हे एकत्र ठेवलं होतं, नळ्या मिसळल्या, आणि अकरा जणांचे आकडे असे पडलेले आले की आम्ही रात्री त्यांच्या घरी गेलो. माणसं जेवत बसलेली, ठणठणीत. सगळ्यांचं रक्त पुन्हा काढावं लागलं. तेव्हापासून एका दिवशी एकच टेस्ट, दुसऱ्या रंगाची नळी खोलीतच ठेवायची नाही.

नळी लगेच थंड करा, बर्फाच्या डब्यात, पण बर्फाला थेट चिकटवू नका, लसीच्या डब्यात ठेवतो तसं मधे कापड किंवा पुठ्ठा. गोठलं तर लाल पेशी फुटतात. आणि त्याच दिवशी लॅबला पोचवा. औषध कार्बामेट असेल तर उशीर अजिबात नको, कारण कार्बामेट एन्झाइमला चिकटतं तसं काही तासांत सुटतंही, नळीतसुद्धा, आणि मग सकाळी आजारी असलेल्या माणसाचा संध्याकाळचा रिपोर्ट छान येतो. फील्ड मशीन असेल तर ते सावलीत, पंख्याखाली. चाळीस अंशाच्या उन्हात बाजेवर ठेवलेल्या मशीनचं रीडिंग मी धरत नाही.

लॅब बदलू नका. एकाच माणसाचं मे महिन्यातलं एका लॅबचं आणि सप्टेंबरातलं दुसऱ्या लॅबचं असं जोडून टक्के काढले तर त्यात काही अर्थ नाही, पद्धत वेगळी, युनिट वेगळं. आरबीसीचा आकडा हिमोग्लोबिनच्या प्रत्येक ग्रॅममागे मागून घ्या, कारण आपल्याकडे, विशेषतः बायकांच्यात, रक्त कमी असणं नेहमीचं आहे आणि तसं नाही केलं तर ॲनिमियाच विषबाधेसारखा दिसतो.

पायरी ५ : वही

नुसत्या रक्ताने कळतं की काहीतरी झालंय, का झालं ते वही सांगते. प्रत्येकाची एक छोटी वही किंवा आशाताईच्या मोबाइलमध्ये एक फॉर्म, आणि फवारणीच्या दिवशी संध्याकाळी पाच मिनिटं. कुठलं औषध, तांत्रिक नावासकट, कशात काय मिसळलं, किती पंप मारले, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, पऱ्हाटी कमरेएवढी की डोक्याएवढी, वारा कुठून होता, पंप हाताचा की बॅटरीचा, गळत होता का, अंगात काय घातलं होतं, कपडे कधी बदलले, अंघोळ कधी केली.

आणि खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखू-चुन्याचं मिश्रण. हे विसरू नका. औषधाच्या हाताने नोझल साफ करायचं आणि त्याच हाताने खर्रा घोटून तोंडात टाकायचा, हे आपल्याकडे इतकं नेहमीचं आहे की कुणी सांगतही नाही. नोझल अडकलं की तोंडाने फुंकतात का हेही विचारा, विचारलं तरच सांगतात.

प्रश्न विचारताना पोलीस पाटलासारखं विचारू नका. मी एका काकांना विचारलं, काका, ग्लोव्हज का नाही घालत, तर म्हणाले, "मले काही होत नाही, वीस वर्षांपासून मारून राह्यलो." वाद नाही घातला. पुढच्या आठवड्यात त्यांच्याच आकड्यांचा कागद त्यांच्यासमोर ठेवला, मे महिन्यातला आणि आत्ताचा. बराच वेळ बघत बसले आणि मग विचारलं, "हे पोराचंबी काढता येते का?" मुलगा सोळा वर्षांचा, तोही पंप मारत होता, आम्हाला माहीतच नव्हतं.

मधेच एक प्रयोग, नक्की करा

औषध अंगात जातं कुठून, हे बहुतेकांना नाकातून वाटतं. म्हणून रुमाल बांधतात आणि आपण सुरक्षित आहोत असं समजतात. पण शेतातल्या फवारणीत मोठा वाटा कातडीतून जातो. हे सांगून पटत नाही, दाखवावं लागतं.

नवाकोरा, कधीच औषध न भरलेला पंप घ्या. त्यात साधं पाणी आणि गडद लाल खायचा रंग. फवारणी करणाऱ्या एखाद्याला पांढरा जुना पायजमा आणि पांढरी बनियन घालायला द्या आणि उंच पऱ्हाटीतून नेहमीसारखा एक पंप मारायला लावा. बाहेर आला की सगळ्या गावासमोर उभा करा. आम्ही केलं तेव्हा छातीवर बारीक लाल ठिपके होते, पण मांड्या समोरून पार भिजलेल्या, कारण फवारलेल्या पानांतून तो चालत गेला होता. आणि पाठीवर पंपाच्या झाकणाखालून कमरेपर्यंत लाल ओघळ, तो पायजम्याच्या नाडीपाशी जमून मागून खाली उतरलेला. माणूस स्वतः वळून वळून बघत होता. बायका एकदम गप्प झाल्या, कारण ते कपडे धुणार त्या.

यातली मांडी आणि जांघेची गोष्ट फार गंभीर आहे. पॅराथिऑन या ऑर्गनोफॉस्फेटवर माणसांवर झालेल्या एका जुन्या अभ्यासात हाताच्या कोपराखालच्या कातडीतून जितकं आत गेलं, त्याच्या साधारण चौपट कपाळाच्या कातडीतून गेलं आणि जवळपास बारा पट अंडकोशाच्या कातडीतून. म्हणजे भिजलेली पँट अंगावर ठेवून दिवसभर काम करणं हे तोंडावरचा रुमाल सोडण्यापेक्षा कितीतरी वाईट. कमरेपासून खाली प्लास्टिकचा एप्रन, झाकणाचं वायसर बदललेला पंप आणि दुपारी कपडे बदलणं, एवढ्याने बराच फरक पडतो. फवारणीचे कपडे घरच्या कपड्यात न मिसळता वेगळे धुवा.

पायरी ६ : हंगामात पुन्हा तपासा आणि टक्के काढा

कधी तपासायचं? आपल्या देशात कीटकनाशक नियम १९७१ मधला ३७ वा नियम आहे, तो औषध बनवणाऱ्या कारखान्यांतल्या कामगारांसाठी ऑर्गनोफॉस्फेट-कार्बामेट असेल तर दर महिन्याला कोलिनेस्टरेज मोजायला सांगतो. वावरातल्या गुत्तेवाल्या मजुराला मात्र कुठला कारखाना आणि कुठलं रजिस्टर. त्याच्यासाठी महिन्याचं माप आपणच धरायचं, म्हणजे फवारणी जोरात सुरू झाली की पहिलं, मग दर महिन्याला, ऑक्टोबर संपेपर्यंत. एखाद्याने सलग आठ-दहा दिवस मारलं असेल तर महिना व्हायची वाट न बघता घ्या.

टक्के काढणं सोपं, आत्ताचा आकडा भागिले बेसलाइन गुणिले शंभर. मग काय करायचं याचं माप मी कॅलिफोर्नियाचं वापरतो, तिथं १९७४ पासून शेतमजुरांसाठी ही तपासणी सक्तीची आहे आणि त्यांचे आकडे साधे आहेत. बेसलाइनच्या ८० टक्क्यांच्या खाली गेला तर माणूस चालू ठेवा पण त्याचं काम तपासा, वही उघडा, पंप बघा, कपडे बघा, काय चुकतंय ते शोधा आणि लगेच दुरुस्त करा. आरबीसी ७० टक्के किंवा त्याखाली, नाहीतर प्लाझ्मा ६० टक्के किंवा त्याखाली आला तर या दोन गटांच्या औषधांजवळ त्याला जाऊच द्यायचं नाही, फवारणी नाही, भरून देणं नाही, ओल्या वावरात शिरणंही नाही. पुन्हा ८० टक्क्यांवर आला की मग सुरू. आरबीसी रोज टक्काभर भरतं म्हटलं तर ६९ वरून ८० ला यायला दीड-दोन आठवडे लागतात, त्याच्याआधी "आता बरं वाटतंय" म्हणून पाठवू नका. बरं वाटणं आणि भरून येणं वेगळं आहे. अर्धवट भरलेल्या माणसाला पुढचा छोटासा डोससुद्धा पाडतो.

चार-पाच जणांचे आकडे एकदम पडले तर एकेकाला न बघता आधी त्या सगळ्यांच्यात सारखं काय ते बघा. एका वर्षी आमच्याकडे पाचही जण एकाच बॅटरी पंपावर आळीपाळीने मारत होते, त्याचा पाइप जोडणीपाशी चिरलेला होता आणि चिंधी बांधून चालवला होता. चिंधी कायम ओली. पाइप बदलला, पुढच्या महिन्यात पाचही जण वर आले.

आणि फवारणी न करणाऱ्या चार-पाच जणांचे आकडेही पडले असतील तर लॅबमध्ये काहीतरी गडबड आहे, लॅबला फोन करा.

त्रास सुरू असेल तर टेस्टची वाट बघू नका

लाळ, घाम, बारीक बाहुली, धूसर दिसणं, छातीत घरघर, स्नायूंची फडफड यातलं काही दिसलं तर १०८ ला फोन. येईपर्यंत कपडे काढा, अंग साबणाने धुवा, धुणाऱ्याने ग्लोव्हज घाला, ते नसतील तर जाड प्लास्टिकची पिशवी हाताला बांधा. उलटी करवू नका, दूध-ताक पाजू नका. औषधाचा डबा किंवा लेबलचा फोटो सोबत द्या, डॉक्टरला अट्रोपिन सुरू करायचं, पीएएम (दोन्ही या विषावरचे उतारे) द्यायचं की नाही हे ठरवायला त्याचा फार उपयोग होतो. ही औषधं डॉक्टरच देतात, गावात इंजेक्शन टोचणाऱ्याकडे नेऊन वेळ घालवू नका.

लघवीच्या टेस्टबद्दल

पुढे जाऊन लघवीही तपासता येते. ऑर्गनोफॉस्फेटचे तुकडे लघवीत डायअल्किल फॉस्फेट म्हणून उतरतात, क्लोरपायरीफॉसचा टीसीपीवाय, सायपरमेथ्रीनसारख्या पायरेथ्रॉइडचा थ्री-पीबीए. म्हणजे कोलिनेस्टरेज जे दाखवत नाही त्यातलं थोडं इथं दिसतं, आणि सुई टोचावी लागत नाही म्हणून लहान मुलांचंही करता येतं. पण दोन-चार दिवसांत ते निघून जातं, त्यामुळे फवारणीच्या दुसऱ्या दिवशी सकाळची पहिली लघवी घ्या आणि सोबत क्रिएटिनीन मोजून घ्या, कारण उन्हात घाम गाळलेल्या माणसाची लघवी घट्ट असते आणि आकडा उगाच मोठा दिसतो. डायअल्किल फॉस्फेट खाण्यातून आलेल्या अंशांमुळेही दिसतं, म्हणून तेवढ्यावर घाबरू नका. हे तालुक्याच्या लॅबचं काम नाही, मोठी मशीन लागते, मेडिकल कॉलेज किंवा अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेसारख्या ठिकाणच्या लोकांशी जोडून घेऊनच करा. पहिल्या वर्षी हे सोडून द्या असंच मी सांगेन.

हंगाम संपल्यावर

कापूस वेचणी सुरू झाली की सगळ्यांना पुन्हा एकदा बसवा आणि प्रत्येकाला त्याचे सगळे आकडे एका कागदावर लिहून द्या, मे पासून ऑक्टोबरपर्यंत, टक्क्यांसकट, मराठीत. गावसभेत फक्त एकत्रित सांगा, किती जणांचे आकडे ८० च्या खाली गेले, कुठल्या औषधाच्या आठवड्यात गेले, कुठला पंप गळत होता. नावं नाहीत. तोच कागद पीएचसीला आणि तालुका कृषी अधिकाऱ्याला द्या, कुठल्या महिन्यात काय विकलं जातंय आणि त्याने काय होतंय हे त्यांच्याही टेबलावर असलं पाहिजे.

रजिस्टर जपून ठेवा, एक प्रत सिस्टरकडे, एक तुमच्याकडे, ओल लागणार नाही अशा जागी. आणि आत्ताच पुढच्या मे महिन्यातल्या दोन तारखा ठरवून लॅबला आणि सिस्टरला कळवून टाका, लग्नसराईत लोक गावात सापडत नाहीत म्हणून मी पहिली तारीख बुधवारच्या आसपासची धरतो आणि सकाळी सातला, माणसं कामाला निघायच्या आत.